यानाचा मुहूर्त कोण काढतं?

मुलांनो, लग्नाच्या पत्रिकेत मुहूर्त छापलेला असतो. प्रत्यक्षात काय होतं? वरात पोचायला उशीर होतो, कुणाचे तरी मामा यायचे राहिलेले असतात. मग अर्ध्या तासाने का होईना, अक्षता पडतात आणि सगळे जेवायला बसतात!

माणसांना घेऊन जाणाऱ्या अवकाशयानालाही मुहूर्त असतो, पण तिथे असं चालत नाही. यान अवकाश स्थानकाकडे जाणार असेल, तर ठरलेली वेळ हुकली की त्या दिवशीचं उड्डाण बहुधा रद्दच. एवढी घाई कशासाठी? चला, घरीच प्रयोग करू या.

टेबल-टेनिसचा चेंडू घ्या. ही आपली पृथ्वी. तिच्या पोटावर, मध्यरेषेच्या थोडं वर, शाईने एक टिंब काढा. हे उड्डाणाचं ठिकाण. आता आईची जुनी बांगडी चेंडूभोवती तिरकी धरा. हा अवकाश स्थानकाचा मार्ग. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दर दीड तासाला एक प्रदक्षिणा घालतं. बांगडी न हलवता चेंडू हळूहळू फिरवा. टिंब एका फेरीत दोनदाच बांगडीखाली येतं, हो ना? उडायचं ते टिंब बांगडीखाली असतानाच. त्या दोन वेळांपैकीही सहसा एकच उपयोगी पडते, कारण रॉकेट समुद्रावरून जाईल अशीच दिशा धरावी लागते.

एस.टी. दहा मिनिटं उशिरा सुटली, तर ड्रायव्हरकाका वाटेत वेळ भरून काढतात. रॉकेटला ते जमत नाही. टिंब पुढे सरकलं की बांगडीची रेघ गाठायला रॉकेटला आडवं वळावं लागेल, आणि एवढ्या वेगात वळायचं म्हणजे इंधन भरमसाट जळतं. तेवढं इंधन नेणार कुठून? म्हणून दुसऱ्या दिवसाची वाट बघायची. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी ही वेळ थोडी आधी येते, कारण रोज बांगडीही जागेवरून किंचित सरकते.

आपल्या शुभांशु शुक्लांचंच बघा ना. राकेश शर्मा १९८४ साली अवकाशात गेले, त्यानंतर ४१ वर्षांनी, २०२५ साली शुक्ला निघाले. अमेरिकेतल्या फ्लोरिडामधून. आधी २९ मे ठरली होती, मग ८ जून, मग १० जून. १० जूनला हवामान आडवं आलं. यानात माणसं असली की नुसतं डोक्यावरचं आभाळ बघून भागत नाही. वाटेत बिघाड झाला, तर यान समुद्रात उतरवावं लागतं. म्हणून मार्गातल्या समुद्रावरचा वारा आणि लाटासुद्धा बघतात. ११ जून ठरली, तर रॉकेटमधून द्रवरूप प्राणवायू गळत असल्याचं आढळलं. आपल्या इस्रोचे तज्ज्ञही तिथे होते. गळती दुरुस्त करून पुन्हा तपासणी झाल्याशिवाय उड्डाण नको, असं त्यांनी सांगितलं. पुढे स्थानकातल्या एका गळतीचीही तपासणी व्हायची होती. असं करत करत २५ जून उजाडला आणि यान उडालं. दुसऱ्या दिवशी ते सुखरूप स्थानकाला जोडलं गेलं.

"काय हा गोंधळ! सारखी तारीख बदलतात!" असं तेव्हा अनेक घरांत म्हटलं गेलं असेल. पण तारीख न बदलल्याने काय झालं, तेही ऐका.

जानेवारी १९८६. अमेरिकेच्या 'चॅलेंजर' यानातून सात जण जाणार होते. त्यांत ख्रिस्टा मॅकॉलिफ नावाच्या शिक्षिका होत्या. त्या अवकाशातून मुलांना धडे शिकवणार होत्या. उड्डाण कितीतरी वेळा पुढे ढकललं गेलं होतं. २७ तारखेच्या रात्री कडाक्याची थंडी पडली. रॉकेटच्या सांध्यांत रबराची कडी होती. थंडीत रबर कडक होतं आणि फट नीट बुजवत नाही. त्या रॉकेटच्या इंजिनिअरांनी सांगितलं, "१२ अंशांच्या खाली तापमान असेल तर उडवू नका." वरिष्ठांनी ते मानलं नाही. २८ तारखेला सकाळी, तापमान जेमतेम २ अंश असताना, यान सोडलं. ७३ सेकंदांत ते हवेतच फुटून गेलं. सातही जण गेले. अनेक शाळांतली मुलं आपल्या वर्गात टीव्हीवर ते बघत होती.

म्हणजे बघा, पृथ्वीचं फिरणं फक्त एवढंच सांगतं, की या वेळी निघता येईल. निघायचं की नाही, ते माणसांनीच ठरवायचं असतं. 'चला' म्हणायला सगळे तयार असतात. 'थांबा' म्हणणारा एखादाच असतो, आणि त्याच्याकडे लोक रागाने बघतात. पालकहो, सहलीची बस निघताना "चाकात हवा कमी दिसतेय" असं एखादं पोर म्हणालं, तर त्याला गप्प बसवू नका. खाली उतरून एकदा चाक बघा.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी हे गणित. शुक्लांच्या उड्डाणाची वेळ १० जूनला आपल्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी ५ वाजून ५२ मिनिटं होती. ११ जूनला ती ५ वाजून ३० मिनिटं झाली. २५ जूनला यान दुपारी १२ वाजून १ मिनिटाने उडालं. तर ११ ते २५ जून या काळात वेळ रोज सरासरी किती मिनिटं आधी सरकली? वहीत सोडवा. उत्तर साडेतेवीसच्या आसपास आलं, तर तुम्हालाही यानाचा मुहूर्त काढता आला म्हणायचं!