भिंत कोणाची?

दिवाळी आली की साताऱ्यात घरोघरी किल्ले उठतात. विटा रचायच्या, त्यांवर पोती अंथरायची, चिखल थापायचा, उतारावर हळीव पेरायचे. माथ्यावर शिवछत्रपती, पायथ्याशी मावळे आणि मावळ्यांच्या रांगेत हमखास एखादी खेळातली मोटार. समोर खरा अजिंक्यतारा उभा असताना आम्ही थोरले या ढिगाऱ्यापुढे कौतुकाने वाकतो. पण हे चार-पाच दिवस वगळले, तर पोरांच्या हातची कोणती वस्तू आपण घरात चारचौघांनी पाहावी म्हणून मांडतो? आता तर किल्लेही तयार विकत मिळू लागले आहेत!

माझे भांडण आहे ते दिवाणखान्याच्या भिंतीशी. खरे म्हणजे तिच्या मालकाशी.

माझे साडू सांगलीला असतात. त्यांच्या सहा वर्षांच्या नातीने एकदा गाय काढली होती. मी पाय मोजले तर पाच भरले. “हा पाचवा कसला गं?” म्हटले, तर म्हणाली, “आजोबा, ती चालतेय ना!” मी साडूंना म्हटले, “अहो, ही लावा भिंतीवर.” ते म्हणाले, “नवा रंग दिलाय. शिवाय आल्यागेल्याला काय दिसेल?” आल्यागेल्याला दिसत होता तो कोणत्या तरी परमुलखातला छापील धबधबा, सोनेरी चौकटीत. गाय गेली कपाटाच्या खालच्या खणात.

2019 च्या ऑगस्टात कृष्णा सांगलीत शिरली. साडूंच्या घरात पाणी कमरेइतके चढले. ओसरल्यावर आम्ही चिखल उपसायला गेलो. धबधबा जागच्या जागी कोरडा होता. खालच्या खणातल्या कागदांचा लगदा झाला होता. पोरीने विचारले, “धबधबा वर आणि गाय खाली का ठेवली होती?” साडू काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

आमच्याच जिल्ह्यात औंध आहे. सूर्यनमस्कारांसाठी ज्यांचे नाव आपण घेतो, ते तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रे काढीत. 1938 साली त्यांनी यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभे केले आणि रविवर्म्याची चित्रे एका खेड्यात लोकांसमोर टांगली. कोणी म्हणेल, कुठे रविवर्मा आणि कुठे तुमची पाच पायांची गाय! कबूल. मी गायीला रविवर्म्याच्या पंक्तीला बसवीत नाही. राजाने चित्रे आपल्या खोलीत कोंडली नाहीत, एवढेच मी पाहतो. आपल्याजवळ डोंगर नसेल. चार हात भिंत तर आहे!

पैशाची सबब सांगू नका. दोन खिळे, सुतळीचा गुंडा आणि कपडे वाळत घालायचे डझनभर चिमटे. शंभराची नोट मोडून वर सुटे उरतील. जाड पाठ हवी तर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा आहे, मैद्याची खळ आहे. खळीत चिमूटभर तुरटी टाका. भिंतीला मात्र खळ लावू नका, कागद काढताना रंगाचे पोपडे येतात. ऊन थेट पडते तिथे स्केचपेनचे रंग विटतात, आणि साताऱ्याच्या पावसात पश्चिमेची भिंत ओल धरते. तेव्हा आतली भिंत निवडा. कोणते चित्र लावायचे ते ज्याने काढले त्याने ठरवावे. आजोबांनी मध्ये पडू नये. (मी पडलो होतो, नातवाने आठवडाभर अबोला धरला.) उतरवलेल्या चित्रामागे पेन्सिलीने तारीख घालावी, साडीच्या रिकाम्या खोक्यात ठेवावे आणि खोके माळ्यावर चढवावे. माळ्यावर, खालच्या खणात नव्हे!

“बक्षीस मिळू दे, मग लावू,” असे म्हणणारे आईबाप मला सर्वांत भयंकर वाटतात. त्यांच्या घरी प्रशस्तिपत्रक काचेत असते आणि ज्या चित्राला ते मिळाले, ते रद्दीत.

साडूंची नात आता एलिमेंटरी परीक्षेची तयारी करते आहे. परवा सांगलीला गेलो, तेव्हा तिने वही दाखवली. घडा उत्तम, सावली जिथल्या तिथे. मी हळूच म्हटले, “गाय काढतेस का गं अजून?” तिने एक पान उलटले. गाय होती. चारी पाय सारखे, जमिनीला टेकलेले, अगदी स्थिर.

साडू म्हणाले, “ही चौकटीत घालणार आहे मी.”