आकाशाचे स्वप्न, जमिनीवरचा हिशेब

दहावी-बारावीचे निकाल लागले की मीरा-भाईंदरमधील घराघरांत ‘पुढे काय?’ याची चर्चा रंगते. अभियांत्रिकी, वैद्यकीय, सनदी लेखापाल या रुळलेल्या वाटांच्या जोडीला आता वैमानिकाच्या वाटेचेही नाव निघू लागले आहे. त्यात नवल नाही. मुंबईचा विमानतळ जवळच आहे आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईतूनही उड्डाणे सुरू झाली आहेत. एकट्या २०२३ या वर्षात एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांपुढे इंडिगोचे वेळापत्रक कोलमडले, तेव्हा वैमानिक कमी पडत असल्याचे साऱ्या देशाने पाहिले. मग घर गहाण ठेवून मुलाला किंवा मुलीला या क्षेत्रात धाडावे, असे एखाद्या पालकाला वाटले तर त्याला दोष कसा द्यावा?

मात्र हे चित्र अर्धेच आहे. तुटवडा प्रामुख्याने आहे तो अनुभवी कप्तानांचा. विमान कंपनीत कप्तान होण्यासाठी लागणाऱ्या वरच्या परवान्याला किमान १५०० तासांच्या उड्डाणाची अट असते. नवा परवाना घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाजवळ असतात जेमतेम २०० तास. या दोहोंमधील दरी भरून काढण्याची संधी त्याला केव्हा मिळेल, हे बाजाराच्या चढ-उतारावर ठरते. २०१२ मध्ये किंगफिशर, २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि २०२३ मध्ये गो फर्स्ट जमिनीवर आली. २०२० च्या महामारीत तर साऱ्या जगाचीच विमाने थांबली. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. परवान्यापर्यंतचाच खर्च आज ५० लाखांच्या घरात जातो. विशिष्ट जातीचे मोठे विमान चालवण्याचे प्रशिक्षण त्याहून वेगळे.

म्हणूनच क्रम महत्त्वाचा. दुर्दैवाने अनेक कुटुंबे तो उलटा लावतात. आधी शुल्क भरले जाते, मग अभ्यास आणि सर्वांत शेवटी वैद्यकीय तपासणी! वास्तविक पहिली पायरी तपासणीचीच असली पाहिजे. चष्मा असल्याने अडत नाही. पण गंभीर रंगांधळेपणा असेल, तर व्यावसायिक वैमानिकाचे स्वप्न तेथेच संपू शकते. काही हजारांत कळणारी ही गोष्ट लाखो रुपये भरल्यावर का कळावी?

दुसरी पायरी अभ्यासाची. मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती या विषयांत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षेत ७० टक्के गुण मिळवावे लागतात. पंखांच्या विशिष्ट आकारामुळे आणि हवेला सामोरे जाण्याच्या कोनामुळे विमान उचलले जाते. हा कोन मर्यादेबाहेर गेला की इंजिन धडधडत असूनही पंख हवेतला आधार गमावतात. हे समजायला भौतिकशास्त्र हवे, वाऱ्याचा हिशेब मांडून दिशा ठरवायला गणित हवे. बारावीला हे दोन विषय असण्याची अट शिथिल करण्याचा विचार २०२५ मध्ये पुढे आला होता. नियम कोणताही असो, आकाशात सवलतीचे गुण मिळत नाहीत. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आली, तेव्हा प्रश्न शेकडो प्रवाशांच्या प्राणांचा होता. आडवाटेने मिळवलेल्या परवान्याची किंमत परीक्षार्थी एकटा मोजत नाही.

या दोन पायऱ्या पार झाल्यावरच पैशांचा विचार करावा. गोंदिया, बारामती, धुळे येथे प्रशिक्षणाची सोय झाली आहे. रायबरेलीजवळ फुरसतगंजची शासकीय अकादमी आहे. प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी स्वतः जाऊन पाहावे. चालू स्थितीत विमाने किती, प्रशिक्षक किती, विद्यार्थी किती आणि मागील तुकडीचे २०० तास किती महिन्यांत पूर्ण झाले? पावसाळ्यात उड्डाणे रखडतात, हे महाराष्ट्रात तरी विसरून चालणार नाही. चकचकीत माहितीपत्रकापेक्षा ही चार उत्तरे अधिक बोलकी असतात.

आणि आकाशाचे दार एकच नाही. वायुदलात उड्डाणाचे प्रशिक्षण राष्ट्र देते, कुटुंबाला कर्ज काढावे लागत नाही. त्या दृष्टीने मुलांना घडवणारी राज्य शासनाची सेवापूर्व प्रशिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरात १९७७ पासून कार्यरत आहे. २०२२ पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची दारे मुलींनाही खुली झाली. विमानाच्या देखभालीचा अभियंता किंवा हवाई वाहतूक नियंत्रक यांच्या हाती वैमानिकाइतकेच प्रवाशांचे प्राण असतात. तरीही या वाटांची चर्चा आपल्या घरांत किती होते?

१० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो मुंबईत. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी केवळ महिला कर्मचारी असलेल्या विमानाचे सारथ्य केले. मीरा रोडपासून काही स्थानके अलीकडे असलेल्या कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याची चाचणी झाली. गच्चीपासून धावपट्टीपर्यंतची ही वाट वर्षानुवर्षांच्या चिकाटीने कापली गेली.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गाने मुलांच्या स्वप्नांसाठी नेहमीच पोटाला चिमटा घेतला आहे. त्या त्यागाचे मोल राखायचे असेल, तर स्वप्नाची कसोटी कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी लागली पाहिजे. प्रत्येक उड्डाणापूर्वी वैमानिक तपासणी सूची हाती घेऊन एकेक बाब पडताळतो आणि एक जरी चुकली तरी विमान हलवत नाही. हीच शिस्त पालकांनी घरात पाळली, तर मुलांच्या पंखांना बळ मिळेल आणि डोक्यावरचे छप्परही शाबूत राहील.