घरातली प्रयोगशाळा : कढईभर मेथी, दोन वाट्या भाजी



मी आठवीत असतानाची गोष्ट. आई तापाने झोपून होती. "आज भाजी मी करणार!" असं मी ऐटीत जाहीर केलं. मेथीच्या दोन जुड्या निवडल्या, धुतल्या, चिरल्या. कढईत शिगोशीग ढीग झाला. एवढ्या भाजीला दोन चमचे मीठ तर हवंच, म्हणून घातलं. पाच मिनिटांनी पाहते तर ढीग गायब! तळाशी जेमतेम दोन वाट्या भाजी. मीठ मात्र सगळंच्या सगळं तिथेच!

बाबांनी पहिला घास घेतला आणि न बोलता पाण्याचा तांब्या जवळ ओढला. मला रडूच कोसळलं. आजी म्हणाली, "अगं, पालेभाजी आळते. मीठ ढिगाला नाही, भाजीला घालायचं." मग तिने भाजीत बेसन पेरलं, वाफ आणली आणि जेवण निभावलं.

ढीग गेला कुठे? पालकाचं उदाहरण घेऊ. 240 मिलिलिटरच्या कपात पालकाची कच्ची पानं न दाबता भरली, तर त्यांचं वजन भरतं सुमारे 30 ग्रॅम. त्याच कपात पाणी मावतं 240 ग्रॅम! म्हणजे आपण कपात भरली ती बहुतेक हवाच. शिवाय पालकाच्या वजनात दर 100 ग्रॅममागे 90 ग्रॅमहून जास्त पाणी असतं. पानातल्या पेशी पाण्याने टम्म फुगलेल्या असतात, म्हणून पान ताठ उभं राहतं. उष्णतेने पेशींची आवरणं फाटतात, पाणी बाहेर येतं, पान लुळं पडतं आणि मधली हवा निघून जाते. शिजवून निथळलेला पालक त्याच कपात सुमारे 180 ग्रॅम बसतो. थोडक्यात, एक कप शिजलेल्या पालकासाठी कच्चा पालक सहा कप तरी हवा.

आता तुम्ही करून पाहा. घरात छोटा वजनकाटा हवा.

1. वाटीभर पाणी मोजा (रिकाम्या वाटीचं वजन वजा करायला विसरू नका!). जितके ग्रॅम पाणी, तितक्या मिलिलिटरची तुमची वाटी.
2. त्याच वाटीने पाच वाट्या पानं, न दाबता, मोजा. एकूण वजनाला पाचाने भागा. एकच वाटी मोजली तर चूक जास्त होते.
3. हेच दाबून भरलेल्या आणि चिरलेल्या पानांचं करा.

तिन्ही आकडे वेगवेगळे येतील. म्हणून पाककृतीत नुसतं 'दोन वाट्या मेथी' लिहिलं असेल तर विचारा : चिरून की अख्खी? दाबून की सैल? जुडीचाही भरवसा नाही. एक जुडी लठ्ठ, दुसरी किडकिडीत, आणि देठं टाकली की वजन आणखी घटतं. म्हणून निवडलेल्या पानांचंच वजन करा. मेथी, पालक, चवळी, शेपू यांचे आपापले आकडे एका कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवा. आईबाबांनाही उपयोगी पडेल. गॅसजवळचं काम मात्र मोठ्यांच्या सोबतीनेच.

जाता जाता एक कोडं : चार माणसांना प्रत्येकी 90 ग्रॅम शिजलेला पालक वाढायचा आहे. शिजताना वजन घटत नाही असं धरलं, तर कच्च्या पानांचे किती कप लागतील? उत्तर पुढच्या अंकात.

आणि हो, मीठ? ते भाजी आळल्यावरच!