फळी वाकते, पण सक्तीने नव्हे

वाचकहो, सुटीत मुलांच्या हातास कोणते काम द्यावे, असा प्रश्न पालक आम्हांस वारंवार विचारतात. या खेपेस आम्ही लाकडी नौकेची प्रतिकृती सुचवितो. तीत सर्वांत अवघड काम म्हणजे सांगाड्यावर फळ्या बसविणे. म्हणून त्याविषयीच लिहीत आहोत.

नमुना आपल्या जवळच आहे. सन १९८६ च्या जानेवारीत अवर्षणामुळे किनेरेथचे पाणी ओसरले असता गिनोसार किब्बुत्झमधील दोघा भावांस चिखलात एक होडी आढळली. सुमारे ८ मीटर लांबीची आणि दोन हजार वर्षांपूर्वीची ही होडी आज गिनोसार येथेच जतन केलेली आहे. तिच्या फळ्या मुख्यत्वे गंधसरूच्या आहेत. परंतु तज्ज्ञांस तीत १२ प्रकारची लाकडे सापडली, आणि काही तर जुन्या होड्यांतून काढलेली! हाती आले त्यातूनच त्या कारागिराने जलास टिकणारी वस्तू घडविली. त्याने फळ्या कडेस कड लावून लाकडी जिभांनी सांधल्या व आतील बरगड्या मागाहून बसविल्या. प्रतिकृतीत मात्र आपण उलट जातो: प्रथम सांगाडा, नंतर फळ्या.

तळाच्या कण्यास कोकणात पठाण म्हणत. पठाणावर आडवे साचे उभे केल्यावर त्यांच्या कडा नौकेच्या वळणानुसार घासून तिरप्या कराव्यात. एक लवचीक पट्टी साच्यांवर धरून पाहावी. ती प्रत्येक साच्यास सपाट टेकली पाहिजे. येथे घाई केल्यास पुढील सर्व श्रम व्यर्थ होत.

मग मोजमाप. समजा, मधल्या साच्यावर काठापासून पठाणापर्यंत ६० मिलिमीटर अंतर भरले आणि फळी ५ मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे एका बाजूस १२ फळ्या लागतील. पुढील टोकाशी, म्हणजे नाळेशी, तेच अंतर ३६ मिलिमीटर असेल, तर तेथे प्रत्येक फळी ३ मिलिमीटरपर्यंत निमुळती करावी. फळी निम्म्याहून अरुंद करू नये. तशी वेळ आल्यास दोहोंच्या जागी एकच फळी पुढे न्यावी. मागील बाजूस जागा रुंदावत असल्यास तेथे पाचरीसारखा तुकडा बसवावा.

नवशिके येथेच चुकतात. ते फळी न तासता तिला कडेच्या दिशेने ओढून बसवू पाहतात. फळी पातळ बाजूने वाकते, रुंदीच्या दिशेने वाकत नाही. बळ केले तर तिची एक कड वर उचलली जाते, आणि कितीही गोंद लावला तरी ती दबत नाही. तिला आधी योग्य आकार द्यावा; मग ती आपली जागा आपणच घेते. वळण तीव्र असेल तर फळी पाण्यात भिजवून, इस्त्रीची ऊब देऊन, चिमट्यांनी सांगाड्यावर रात्रभर धरून ठेवावी. ओली असता चिकटवू नये. वाळताना ती आकसते आणि फटी पडतात.

एक फळी उजवीकडे बसविली की दुसरी डावीकडे बसवावी. एकच बाजू पुरी केल्यास तिच्या ताणाने पठाणच वाकडा होतो.

या कामास चार हात लागतात. एकाने टोक धरावे, दुसऱ्याने चिमटा लावावा. आपल्या कित्येक घरांत आजोबांची मराठी नातवास उमगत नाही आणि नातवाची हिब्रू आजोबांच्या कानांस जड जाते. एकाच टेबलाशी बसूनही दोघे परके राहतात, हे आम्हांस फार दुःखद वाटते. आपल्या समाजात तेलाच्या घाण्याबरोबर सुतारकामही होते. ते ज्ञान ज्यांच्या हातांत आहे, त्यांच्या हातीच हे काम सोपवावे. “धर”, “सोड”, “हळू” हे शब्द फळी हाती असता शिकवावे लागत नाहीत. नाळ आणि पठाण हेही मुलाच्या तोंडी आपसूक येतील.

पालकांस आमची एकच विनंती. मुलाची फळी वाकडी बसली, तर ती त्याच्या हातून काढून घेऊन स्वतः बसवू नये. गोंद ओला आहे तोवर ती सुटते. त्यालाच ती पुन्हा बसवू द्यावी. शब्बाथ सुटल्यावर दर आठवड्यास एक जोडी लावली, तरी १२ आठवड्यांत नौका पुरी होईल.