आठ कलांची चूक

२७ डिसेंबर हा योहानेस केप्लरचा जन्मदिवस. १५७१ साली जर्मनीतल्या वाइल डेर श्टाट या गावी तो जन्मला. सूर्यकेंद्री विश्वाचे सारे श्रेय कोपर्निकसला देऊन आपण मोकळे होतो, म्हणून केप्लरची आठवण मुद्दाम करायला हवी.

पृथ्वी मध्यभागी आणि ग्रह तिच्याभोवती, ही मांडणी अडाण्यांची नव्हती. मंगळ एरवी ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकतो, मग थबकतो, काही आठवडे उलटा चालतो आणि पुन्हा मार्गी होतो. आपल्या पंचांगातला वक्री मंगळ तो हाच. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने दुसऱ्या शतकात वर्तुळावर फिरणारे वर्तुळ कल्पून या चालीचे गणित बसवले आणि ते चौदाशे वर्षे कामी आले. त्याला अंधश्रद्धा म्हणणे अन्यायाचे आहे.

कोपर्निकसने १५४३च्या ग्रंथात सूर्य मध्यभागी आणला. पृथ्वी वेगाने मंगळाला मागे टाकते तेव्हा तो उलटा जाताना दिसतो, हे कोडे त्यामुळे लख्ख उलगडले. वर्तुळांचा मोह मात्र त्यालाही सुटला नाही, आणि ग्रहांची भाकिते पूर्वीपेक्षा फारशी अचूक झाली नाहीत.

टायको ब्राहेने दुर्बिणीविना वर्षानुवर्षे टिपलेली मंगळाची स्थाने प्रागमध्ये केप्लरच्या हाती आली. वर्तुळ धरून त्याने अपार कष्टाने कक्षा मांडली. ती ८ कलांनी चुकली; कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. पूर्णचंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा भाग! टॉलेमीच्या काळी एवढा फरक निरीक्षणाच्या चुकीत सहज खपला असता. पण टायकोचे मोजमाप इतके चुकणार नाही, याची केप्लरला खात्री होती. त्याने निरीक्षण खरे मानले आणि स्वतःची मांडणी मोडली. १६०९ साली त्याने जाहीर केले, की मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि सूर्य तिच्या एका नाभीशी आहे. दोन हजार वर्षांचे वर्तुळ तिथे संपले. आमच्या मते खरी क्रांती ही.

त्याच्या ग्रहस्थितीच्या कोष्टकांनी पुढे ७ नोव्हेंबर १६३१ रोजी बुध सूर्यबिंबावरून जाईल असे वर्तवले. पॅरिसमध्ये खगोलशास्त्रज्ञ गासेंदीने ते पाहिले. केप्लर मात्र वर्षभरापूर्वीच वारला होता.

शाळेत मुलांना दोन मांडण्यांची नावे पाठ करायला लावतात, या आठ कलांविषयी कोणी सांगत नाही. मंगळ साधारण दर २६ महिन्यांनी वक्री होतो. शिक्षकांनी तेव्हा मुलांकडून आठवड्यातून एकदा, जवळच्या ताऱ्यांवरून त्याची जागा वहीत काढून घ्यावी. त्याला दुर्बीण लागत नाही.