घरघर कुणाची?
गेला आठवडाभर आमच्या टेबलाखालून पिठाच्या गिरणीसारखी घरघर येत होती. पहिला संशय अर्थातच ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यावर. पण सीपीयूचा, कॅबिनेटचा, पॉवर सप्लायचा असे आणखी संशयितही त्याच डब्यात राहतात, म्हणून आधी ओळखपरेड: सॉफ्टवेअरमधून फक्त कार्डाच्या पंख्याचा वेग कमी-जास्त केला. आवाज त्याच्यासोबत चढला-उतरला, चोर सापडला. (वेग बदलूनही जी बारीक किर्र तशीच राहते आणि गेम सुरू झाला की वाढते, ती कार्डावरच्या कॉइलची, तिथे ब्रश आणि तेल दोन्ही निरुपयोगी.) आमच्याकडे निघाली धूळ, आणि पात्याला घासणारी एक वायर. मशीन बंद केलं, प्लग काढला, पातं बोटाने धरून मऊ ब्रश फिरवला. पातं न धरता ब्लोअर मारू नका. पंखा भन्नाट फिरून बेअरिंगच जायचं. झिजलेल्या बेअरिंगात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडणारे कारागीर आहेत, पण ती मलमपट्टीच. सरळ पंखा बदलावा. २००३ सालचं एनव्हिडियाचं जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा तर नवंकोरं असतानाच इतकं गरजायचं की खुद्द कंपनीनेच त्यावर विनोदी व्हिडिओ काढला होता. आमचं कार्ड बिचारं आता गप्प आहे. घरघर अजून येते, पण ती फ्रिजची.