तलवारीवरचे नाव शेवटी वाचावे

#थ्रेड : जपानी तलवार कोणी घडवली, हे ठरवायचे कसे?

१८६४ च्या जुलै महिन्यात क्योतो शहरातील इकेदाया या सराईवर शिनसेनगुमी या शोगुनपक्षीय दलाने रात्री छापा घातला. दलाचा प्रमुख कोंदो इसामी याने नंतर घरी पाठवलेल्या पत्रात त्या चकमकीचे वर्णन आहे. सहकाऱ्यांच्या तलवारी मोडल्या, धारा झडल्या. आपली मात्र शाबूत राहिली, ती कोतेत्सूची असल्यामुळेच असावे, असे तो लिहितो.

नागासोने कोतेत्सू हा सतराव्या शतकातील एदोचा तलवारकार. आधी तो चिलखते घडवी, तलवारींकडे उशिरा वळला. त्याचे नाव इतके चालले की नकलांचा सुळसुळाट झाला. कोतेत्सूची सही दिसली की तलवार खोटीच समजावी, असे जपानी जाणकार आजही अर्धवट थट्टेने म्हणतात. कोंदोच्या तलवारीबद्दलही अशीच एक कथा आहे : ती मुळात एकोणिसाव्या शतकातील कियोमारो या कारागिराची होती आणि विक्रेत्याने तिच्यावर कोतेत्सूची खोटी सही कोरवून घेतली. ती तलवार आज हाती नसल्याने कथा तपासता येत नाही. पण क्षणभर ती खरी मानली, तर त्या रात्री पाते अस्सल ठरले होते आणि नाव तेवढे बनावट होते.

नव्या अभ्यासकांची नेमकी इथेच गल्लत होते. जपानी तलवार समोर आली की मूठ उतरवायची, मुठीत बसणाऱ्या भागावरची अक्षरे टिपायची, नामावलीत नाव शोधायचे आणि शोध संपला असे मानायचे. हा क्रम उलटा आहे. सही हा दावा असतो; पुरावा पात्यात असतो. मोडी कागदावर शिक्का दिसला म्हणून कोणी सनद अस्सल ठरवत नाही. कागद, शाई, अक्षराचे वळण, मायना हे सगळे जुळले तरच शिक्क्याला अर्थ येतो. पोलादाच्या बाबतीत हा विवेक का सोडावा?

जपानमधील परीक्षेची जुनी रीतच हे शिकवते. तलवार-परीक्षेच्या बैठकीत मुठीत बसणारा भाग, म्हणजे ‘नाकागो’, झाकून ठेवतात. स्पर्धक केवळ पाते पाहून कारागिराचे नाव चिठ्ठीवर लिहितो. नेमके नाव आले तर उत्तम. पण त्याच परंपरेतील निकटच्या कारागिराचे नाव आले, तरी ते जवळपास बरोबर धरले जाते. या गुणदानात मोठे शहाणपण आहे. घराणे आणि काळ ओळखणे हीच खरी विद्या. व्यक्तीचे नाव हे तिचे टोक.

पात्यात वाचायचे काय? आधी आकार. कामाकुरा काळातील, म्हणजे साधारण तेराव्या शतकातील ‘ताची’ लांब, मुठीजवळ खोल बाक असलेली, घोडेस्वाराच्या कमरेला धार खाली करून लटकणारी. १६६० च्या दशकातील कानबुन काळातली ‘काताना’ जवळजवळ सरळ, टोकाकडे निमुळती. मग पोलादाचा पोत : घड्या घालून ठोकलेल्या पोलादावर कधी लाकडाच्या उभ्या रेषांसारखी, कधी गाठींसारखी नक्षी उमटते. आणि शेवटी पाणी. पात्यावर मातीचा लेप देऊन, धारेकडे तो पातळ ठेवून, तापलेले पाते पाण्यात बुडवले की कठीण धार आणि मऊ पाठ यांच्यामध्ये एक सीमारेषा तयार होते. तिला ‘हामोन’ म्हणतात. मिनो प्रांतातील कानेमोतोच्या घराण्याची हामोन तीन-तीन देवदारांच्या शेंड्यांसारखी वर येते. बिझेनच्या जुन्या पात्यांत या रेषेच्या वर धुक्यासारखी फिकट छाया दिसते. सही कोणालाही कोरता येते. ही छाया छिन्नीने काढता येत नाही.

याचा अर्थ नाकागो निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. तो वाचायलाही डोळा लागतो, इतकेच. त्यावरचा गंज शतकानुशतके साचून काळसर आणि मऊ होतो. जुन्या सहीच्या रेघांच्या तळाशीही तोच गंज असतो. नंतर कोरलेली सही त्या थराला कापून जाते. कानशीच्या खुणांचा कल घराण्यागणिक बदलतो. सही कोणत्या बाजूला आहे, हेही बोलते : ताची आणि काताना कमरेला उलटसुलट धारेने लावल्या जात, आणि सही सामान्यतः बाहेरच्या बाजूला येई. पण हिझेनचे तादायोशी घराणे कातानावरही ताचीच्या बाजूलाच सही करी. हा अपवाद ठाऊक नसलेला परीक्षक अस्सल तलवारीला खोटी ठरवून मोकळा होईल.

खऱ्या सहीनेही फसगत होते. सोळाव्या शतकातील बिझेनच्या ओसाफुने गावात ‘सुकेसादा’ हे नाव लावणारे कारागीर अनेक होते. यादवीचा काळ होता, सैन्यांना तलवारी ढिगाने हव्या होत्या, आणि नुसते ‘बिशूचा ओसाफुने सुकेसादा’ एवढेच कोरलेली पाती बहुधा त्या घाऊक मालातली. ‘योसोझाएमोन-नो-जो’ यासारखे व्यक्तिनाम सहीत असेल, तर ती खास मागणीवरून घडवलेली असण्याचा संभव मोठा. दोन्ही सह्या अस्सल, तरीही दोन्ही तलवारींची योग्यता सारखी नाही.

उलट ज्यांना सहीच नाही, अशा कित्येक तलवारी सर्वोच्च दर्जाच्या आहेत. लांब ताची पुढे कमरेत खोचण्यासाठी आखूड केल्या गेल्या, त्या मुठीकडून कापून. त्यात सही गेली. कोणी सहीचा तुकडा जपून नव्या नाकागोत बसवला, कोणी तो भाग दुमडून ठेवला. बहुतेकांनी तेवढी तसदी घेतली नाही. फुकुओका शहर संग्रहालयातील ‘हेशिकिरी हासेबे’ ही ओदा नोबुनागाकडची तलवार अशीच आखूड केलेली, मूळ सही नसलेली. तिच्यावर आज सोन्याची अक्षरे आहेत : एका बाजूस हासेबे कुनिशिगे हे कारागिराचे नाव आणि होनआमी परीक्षकाची खूण, दुसऱ्या बाजूस कुरोदा या धन्याचे नाव. ती सही नव्हे, तो परीक्षकाचा अभिप्राय आहे. तरी ती जपानची राष्ट्रीय संपदा आहे, कारण पाते त्या अभिप्रायाला दुजोरा देते.

होनआमी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या अशी परीक्षा केली आणि दुमडलेल्या कागदावर दाखले दिले. त्या दाखल्यांना ‘ओरिगामी’ म्हणत (कागदाचे पक्षी करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे). पण दाखलाही डोळे झाकून मानण्याची वस्तू नव्हे. अठराव्या शतकात तानुमा ओकित्सुगू सत्तेवर असतानाचे ढिसाळ दाखले ‘तानुमा ओरिगामी’ या उपहासानेच ओळखले जातात.

हा वाद केवळ जपानी संग्राहकांचा नाही. १९४५ मध्ये शरणागतीच्या वेळी जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी समारंभपूर्वक सुपूर्द कराव्यात, असा माउंटबॅटन यांचा आग्रह होता. ब्रह्मदेश आणि मलायातून परतलेल्या अधिकाऱ्यांच्या सामानातून त्यातल्या कित्येक घरोघरी पोचल्या. बऱ्याचशा यंत्रावर घडवलेल्या, लष्करी क्रमांकाच्या. पण लष्करी मुठीत घराण्याचे जुने पाते बसवून रणांगणावर जाणारे अधिकारीही होते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

अशा पात्याचा घात बहुधा प्रेमापोटी होतो. नातवाला नाव वाचायचे असते, म्हणून नाकागो लिंबू-मिठाने, नाही तर पितळ उजळवायच्या पॉलिशने घासला जातो. अक्षरे लख्ख होतात आणि त्यांचे वय सांगणारा एकमेव साक्षीदार पुसला जातो. धारेवर गावातल्या शिकलगाराचा चाकदगड फिरला की आकार बिघडतो, हामोन दिसेनाशी होते. उष्णता फार चढली तर धारेचे पाणीही उतरते. मग उरते ते फक्त नाव, ज्याच्यावर एकट्याने विश्वास ठेवण्याचे काही कारण नाही.

ज्यांच्या घरी असे पाते असेल, त्यांनी गंजाला हात लावू नये. आधी संपूर्ण पात्याचे एका बाजूने, बाक दिसेल असे छायाचित्र घ्यावे, मग टोकाचे, मग तिरप्या उजेडात हामोनचे, आणि नंतर नाकागोच्या दोन्ही बाजूंचे. उत्तर ‘सोळावे शतक, मिनो परंपरा, कारागीर अनिश्चित’ एवढेच आले, तर हिरमुसू नये. ‘मासामुने’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्याला मात्र ही छायाचित्रे पुन्हा एकदा, नाकागो वगळून, पाहायला सांगावे.